मरून कॉटन टी-शर्टवर गणपतीचं डिझाइन, सहा रंग, हाताचं मशीन: सेपरेशन कसं करायचं?

मंडळ_छपाई यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मंडळाच्या कार्यकर्त्यांचे २०० टी-शर्ट छापायचे आहेत. माल मरून, कॉटन, सिंगल जर्सी, १८० जीएसएम, बायोवॉश. मशीन स्क्रीन प्रिंटिंगचं, हाताचं, सहा रंग चार पाट (शर्ट चढवायच्या फळ्या), फ्लॅश (छापलेली शाई मधेच सुकवणारा हीटर) एकच. शाई प्लॅस्टिसॉल (उष्णतेने पक्की होणारी). छाप छातीवर, २८ सेंमी रुंद आणि ३३ सेंमी उंच.

डिझाइन रंगवलेल्या चित्रासारखं आहे. गणपतीची मूर्ती, पिवळं पीतांबर, लाल शेला, सोन्याचे दागिने, हातात थोड्या दूर्वा. मागे मोठा सपाट भगवा झेंडा आणि खाली मंडळाचं नाव देवनागरीत. डिझायनरकडून फाइल सीएमवायकेमध्ये (कागदी छपाईच्या चार रंगांत) आली आहे. त्याच चार फिल्म काढून खाली पांढरा बेस (रंगांखालचा थर) मारला, तर सगळं मळकट दिसतं. पीतांबर मातकट होतं, भगवा विटकरी होतो आणि शेला शर्टात बुडून जातो.

सेपरेशनमध्ये, म्हणजे चित्राची रंगवार फोड करताना, सहा स्क्रीनमध्ये कोणते रंग घ्यावेत? बेसचं चॅनल कसं बनवायचं? मेश (स्क्रीनची जाळी) आणि एलपीआय (इंचातल्या ठिपक्यांच्या ओळी) किती ठेवायचे? फोटोशॉप आणि कोरल दोन्ही आहेत, सेपरेशनचं वेगळं सॉफ्टवेअर नाही.

मेश_सत्त्याहत्तर यांचा प्रतिसाद

सीएमवायके आधी डोक्यातून काढून टाका. त्या शाया पारदर्शक असतात, पांढऱ्या कागदासाठी बनवलेल्या. कागदाचा पांढरेपणा त्यांच्यातून परत येतो म्हणून रंग उजळ दिसतो. मरून कापडावर तो पांढरेपणा तुम्हाला बेसमधून आणावा लागतो, आणि बेस जिथे जरा पातळ पडेल तिथे मरून वर डोकावतो. शिवाय चार पारदर्शक रंगांपैकी एकाचा दाब थोडा कमीजास्त झाला की अख्ख्या चित्राची छटा फिरते. हाताच्या मशीनवर २०० शर्टांत पहिला आणि शेवटचा सारखा निघणार नाही. इथे अपारदर्शक स्पॉट शाया (प्रत्येक रंगाची तयार शाई) हाफटोनमध्ये (लहानमोठ्या ठिपक्यांत) वापरून चित्र उभं करायचं, म्हणजे सिम्युलेटेड प्रोसेस.

डिझायनरकडून मूळ आरजीबी फाइल मागा. सीएमवायकेची परत आरजीबी केली तरी गेलेला भगवा परत येत नाही. फाइल छापायच्या मापाची आणि ३०० पीपीआयची हवी. ७२ची फुगवून उपयोग नाही.

रंगांची निवड. पांढरा बेस, काळा आणि शेवटचा हायलाइट पांढरा असे तीन धरलेच. उरले तीन. पिवळा आणि लाल ठेवून भगवा त्यांच्या ठिपक्यांतून काढता येतो, पण तुमचा झेंडा मोठा आणि सपाट आहे. त्यात लाल ठिपके रवाळ दिसतील आणि सेटिंग जरा हलली की प्रत्येक शर्टावर झेंडा वेगळा. म्हणून भगव्याला स्वतःची स्क्रीन द्या: पिवळा, भगवा, लाल. दूर्वांसाठी हिरवा घेऊ नका. पिवळ्यावर ३० ते ४० टक्के काळा टाकला की शेवाळी हिरवा दिसतो, आणि तेवढ्या लहान दूर्वांना तो पुरतो. मूर्तीचा अंगरंग पूर्ण बेसवर हलका पिवळा आणि त्याहून हलका भगवा यांतून येतो.

सातवा रंग तुम्हाला फुकट मिळालेला आहे, तो म्हणजे शर्ट. लाल शाई बेसशिवाय थेट मरूनवर पडली की गडद लाल मिळतो. शेल्याच्या घड्या, पीतांबराची सावली, मुकुटाची मागची बाजू इथे बेस हळूहळू कमी करत शून्यावर आणायचा आणि कापडालाच सावलीचं काम करू द्यायचं. तिथे काळा भरत बसलात तर छाप जड होते आणि हाताला रबरासारखी लागते.

आता बेस. निम्म्याहून जास्त वेळ याच चॅनलला द्या, कारण गडद कापडावर खरं चित्र बेसच काढतो. वरचे रंग त्याला फक्त रंगवतात.

बहुतेक जण फाइल ग्रेस्केल करून उलटी करतात आणि त्यालाच बेस म्हणतात. तुमचा शेला बुडण्यामागे हेच असण्याची शक्यता मोठी. ग्रेस्केल डोळ्याला दिसणारा उजेड मोजतं. शेल्याचा लाल २००, ३०, ३० असेल तर त्याचा बेस ३२ टक्क्यांच्या आसपास येतो. भगवा २५५, १०३, ३१ असेल तर सुमारे ५५ टक्के. एवढ्या बेसवर कुठलीही शाई मळकटच दिसणार. उजेड मोजू नका. लाल, हिरवा, निळा या तीन चॅनलपैकी जे सगळ्यात उजळ असेल ते धरा. मग त्याच लालाला ७८ टक्के आणि भगव्याला पूर्ण १०० टक्के बेस मिळतो.

फोटोशॉपमध्ये हे असं करा. चित्राचा मागचा भाग काळा ठेवा. इमेज मेनूतल्या कॅल्क्युलेशन्समध्ये पहिला सोर्स रेड चॅनल, दुसरा ग्रीन, ब्लेंडिंग लायटन, रिझल्ट न्यू चॅनल. परत कॅल्क्युलेशन्स उघडून ते नवीन चॅनल आणि ब्लू, पुन्हा लायटन. जे येईल ते कंट्रोल आयने उलटं करा. काळं दिसेल तिथे शाई पडणार.

यात एक खोच आहे. डिझायनरने पार्श्वभूमी शर्टाच्याच मरूनने भरली असेल, समजा ११०, २०, ४०, तर या पद्धतीत तिथे ४३ टक्के बेस येईल, म्हणजे पूर्ण छापभर पांढऱ्याचा चौकोन. म्हणून मागचा भाग काळा ठेवायला सांगितलं. चित्राच्या आत शर्टासारखाच मरून असेल तर कलर रेंजने तो निवडून बेसमधून पुसा. त्यानंतर कर्व्हजमध्ये १५ टक्क्यांखालचं सगळं शून्य करा आणि ८५च्या वरचं सपाट १०० करा.

वरच्या रंगांसाठी परत मूळ चित्रावर या. कलर रेंजने पिवळा निवडा. उजळ पिवळा, सोन्याचा पिवळा, सावलीतला पिवळा असे तीनचार ठिकाणी प्लसच्या ड्रॉपरने टिपा, फझीनेस ६० ते १०० दरम्यान फिरवून बघा. निवड चालू असतानाच न्यू स्पॉट चॅनल घ्या. तसंच भगवा आणि लाल. सॉलिडिटी १०० ठेवा. ती फक्त पडद्यावर दिसण्यासाठी असते, फिल्मवर तिचा काही परिणाम होत नाही. शर्टाच्या रंगाचं एक भरीव स्पॉट चॅनल यादीत सगळ्यात वर ठेवलंत की पडद्यावर छाप कशी दिसेल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. फिल्म काढण्याआधी ते मात्र काढून टाका.

हायलाइट पांढरा अगदी हात राखून. मुकुटावरची चमक, डोळ्यातला बिंदू, दाताची धार, मोत्यांचे ठिपके, बास. तो पसरला की सगळे रंग पिठूळ होतात.

चौकट_आणि_फिल्म यांचा प्रतिसाद

वरचं पटलं. फिल्म आणि मेशचं जोडतो.

या कामाला ४५ एलपीआय. मेशचे इंचातले धागे एलपीआयच्या साडेचार पटीच्या आसपास असावेत. ७७टी (सेंमीला ७७ धागे) म्हणजे इंचाला साधारण १९५, भागिले ४५ म्हणजे ४.३. बेसला ७७टी घ्या, वरच्या रंगांना आणि हायलाइटला ९०टी. बेसला ४३टी लावण्याचा मोह होतो, कारण पांढरा मस्त झाकतो. पण त्यावर ४५चा ठिपका टिकत नाही, सावल्यांच्या कडा तुटक येतात. सपाट लोगोला ४३टी ठीक, या चित्राला नाही.

४५ एलपीआयला ५ टक्क्यांचा ठिपका साधारण ०.१४ मिमी व्यासाचा असतो आणि ७७टीमध्ये एका धाग्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर ०.१३ मिमी. म्हणजे हा ठिपका जेमतेम एका भोकाला धरून बसतो. ३ टक्क्यांचा कुठे बसतो, कुठे धुऊन जातो. म्हणून प्रत्येक चॅनलमध्ये ५च्या खालचं काढून टाका, नाहीतर रंग विरत जाताना शेवटी ठिगळं दिसतात. वरच्या टोकाला ९०च्या पुढचं कापडावर भरूनच येतं.

डॉट गेनचा, म्हणजे छापताना ठिपका फुगण्याचा, हिशेब धरा. पडद्यावरचा ५० टक्के ठिपका कॉटनवर ६५ ते ७५ होतो. वरच्या रंगांच्या कर्व्हजमध्ये ५०चा बिंदू ३५च्या आसपास आणा. नक्की आकडा तुमची शाई, स्क्वीजी (शाई ओढायची रबरपट्टी) आणि दाब यांवर ठरतो, म्हणून १० टक्क्यांच्या पायऱ्यांची एक पट्टी फिल्मच्या कोपऱ्यात टाकून ट्रायल घ्या. किती फुगतो ते डोळ्यासमोर येतं.

रिप (फिल्मसाठी ठिपके पाडणारं सॉफ्टवेअर) नसेल तर प्रत्येक चॅनल डुप्लिकेट करून नवीन डॉक्युमेंटमध्ये घ्या, मोड ग्रेस्केल, मग बिटमॅप. रेझोल्युशन तुमच्या प्रिंटरचं जे असेल ते. लेझर ६०० डीपीआयचा असला तरी ४५ एलपीआयला पावणेदोनशेच्या आसपास छटा मिळतात, तेवढ्या पुरे. मेथड हाफटोन स्क्रीन, फ्रिक्वेन्सी ४५, अँगल २२.५, आकार इलिप्स. सगळ्या रंगांना एकच अँगल चालतो. ऑफसेटसारखे वेगवेगळे अँगल इथे लावलेत तर त्यातला एखादा मेशच्या धाग्यांशी भांडतोच.

अक्षरं या सगळ्यातून लांब ठेवा. मंडळाचं नाव फोटोशॉपच्या चित्रात असेल तर हाफटोनमध्ये त्याच्या कडा करवतीसारख्या होतात. बिटमॅप फाइल कोरलमध्ये आणा आणि नाव तिथे वेक्टरमध्ये टाका. फाइल दुसऱ्याकडे फिल्मला जाणार असेल तर कर्व्हज करूनच द्या. समोरच्या मशीनवर तो फाँट नसला की जोडाक्षरं सुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात, आणि हे लक्षात येतं ते स्क्रीन उघडल्यावर.

आता चोक. बेस वरच्या रंगापेक्षा किंचित आत हवा, म्हणजे पांढरी किनार दिसत नाही. हाताच्या मशीनवर ०.२५ ते ०.३५ मिमी. ३०० पीपीआयला एक पिक्सेल ०.०८५ मिमीचा, म्हणजे तीन-चार पिक्सेल. बेसच्या चॅनलवर फिल्टर, अदर, मॅक्सिमम ३. हा फिल्टर उजळ भाग वाढवतो, म्हणजे शाईचा भाग आत येतो. पण तो अख्ख्या चॅनलवर लावू नका, चेहऱ्यातलं बारीक काम खाऊन टाकेल. झेंडा, पीतांबर, शेला यांच्या बाहेरच्या कडा निवडून तेवढ्यावरच लावा. सावलीत विरत जाणाऱ्या कडेला चोक लागतच नाही. कोरलमध्ये बेसच्या आकाराला पांढरी आउटलाइन द्यायची झाली तर ती निम्मी आत आणि निम्मी बाहेर जाते, म्हणून ०.३ मिमी चोकसाठी आउटलाइन ०.६ मिमी.

हाच चोक देवनागरीच्या मुळावर येतो. अक्षराची रेघ ०.६ मिमी जाड आणि दोन्ही बाजूंनी ०.२५ चोक, म्हणजे खाली बेस उरला ०.१ मिमी. तो छापला जाणारच नाही आणि पिवळी शाई थेट मरूनवर पडून तपकिरी दिसेल. शिरोरेषा आणि अनुस्वार आधी जातात. मोठं नाव पिवळ्यात ठेवा, त्याची सगळ्यात बारीक रेघ निदान १.२ मिमी हवी. पत्ता, वर्ष, घोषवाक्य अशा छोट्या ओळी पांढऱ्यात घ्या आणि त्या बेसच्या स्क्रीनवरच टाका, वर काही छापू नका. हायलाइटपेक्षा बेसची स्क्रीन जास्त पांढरा सोडते, म्हणून बेस. 'श्री', 'क्ष', 'ष्ट' यांच्या पोटातली जागा डॉट गेनने बुजते, तिथे फाँट थोडा मोकळा निवडा.

ट्रेसिंगवर लेझरने काढणार असाल तर कागद आधी एकदा कोरा प्रिंटरमधून जाऊ द्या. उष्णतेने तो आकसतो, आणि सहा फिल्म सहा प्रमाणात आकसल्या तर ३३ सेंमीच्या छापेत वरचा मार्क जुळतो आणि खालचा पाऊण मिमी सरकतो. सहाही एकाच बैठकीत काढा, एकावर एक ठेवून काचेच्या टेबलावर उजेडात तपासा. इथे जुळल्या नाहीत तर मशीनवर कधीच जुळणार नाहीत.

रंगाचा_घाणा यांचा प्रतिसाद

मरून कॉटन म्हटल्यावर डिस्चार्ज बेसचा विचार व्हायला हवा. प्लॅस्टिसॉलच्या बेसवर तीन रंग चढले की १८० जीएसएमच्या शर्टावर छातीला पुठ्ठा होतो, आणि विसर्जन मिरवणुकीत दिवसभर तोच अंगावर. डिस्चार्ज पेस्ट कापडातला रंगच काढते. सेपरेशन तेच राहतं, फक्त पांढऱ्या शाईऐवजी त्या स्क्रीनमधून वॉटरबेस पेस्टमध्ये झिंक फॉर्मल्डिहाइड सल्फॉक्सिलेट मिसळून छापायचं. प्रमाण वजनाच्या ६ ते ८ टक्के, आणि मिसळलेला माल त्याच दिवशी संपवायचा. रंग उडतो तो क्युरिंगमध्ये (ओव्हनमध्ये शिजवताना), १६० अंशांना.

पण आधी त्याच लॉटच्या शर्टावर ट्रायल घ्याच. मरून कुठल्या डायने बनवलाय त्यावर सगळं अवलंबून. एक लॉट बदामी पांढरा निघतो, दुसरा गुलाबीवर अडकतो, तिसरा हलतच नाही. २०० शर्ट दोन लॉटमधून आले असतील तर दोन्हींवर. क्युरिंगला वाफ आणि उग्र वास येतो, त्यात फॉर्मल्डिहाइड असतं. एक्झॉस्ट नसलेल्या गाळ्यात हे काम करूच नका. शर्ट घालण्याआधी एकदा धुवायला सांगा.

मेश_सत्त्याहत्तर यांचा प्रतिसाद

डिस्चार्जची छाप हाताला सुंदर लागते यात वाद नाही. पण यांच्याकडे प्लॅस्टिसॉलची मांडणी आहे. डिस्चार्ज बेस छापताना दिसत नाही, रंग ओल्यावर ओला चढवावा लागतो आणि निकाल ओव्हनमधून बाहेर आल्यावर कळतो. हाताच्या मशीनवर सहा रंगांचं चित्र आणि पहिलाच प्रयोग, वरून मंडळाची तारीख. या ऑर्डरला नको, पुढच्या एक-दोन रंगी कामावर करून बघा. छाप जड होऊ नये म्हणून बेसच्या सावल्या खऱ्या अर्थाने रिकाम्या ठेवा, त्याने बराच फरक पडतो.

मंडळ_छपाई यांचा प्रतिसाद

सगळ्यांचे आभार. उजळ चॅनलवाला बेस करून ट्रायल घेतली. शेला आणि भगवा उठून दिसतायत. तीन अडचणी राहिल्या आहेत. ७७टी संपली होती म्हणून बेस ६१टीवर घेतला, तर मूर्तीच्या गालावर चौकटीचौकटींची जाळी दिसते. दुसरं, शेल्याच्या कडेला पांढरी रेघ राहते. तिसरं, दोन शर्टांवर क्युरिंगनंतर झेंड्याखालच्या पांढऱ्या अक्षरांना गुलाबी झाक आली.

चौकट_आणि_फिल्म यांचा प्रतिसाद

जाळी म्हणजे मोअरे. ६१टी म्हणजे इंचाला १५५, भागिले ४५ म्हणजे ३.४. ठिपके आणि धागे एकमेकांत अडकतायत. ७७टी आणा. मिळतच नसेल तर फक्त बेस ३५ एलपीआयवर परत काढा, गुणोत्तर ४.४ होतं. गालावर ठिपका थोडा मोठा दिसेल, पण वर रंग आहे, दोन हातांवरून कळणार नाही. स्क्रीन कोट करण्याआधी फिल्म ताणलेल्या मेशवर ठेवून उजेडात धरा. जाळी असेल तर तिथेच दिसते. फिल्म दोन-चार अंश फिरवून जाळी जाते का ते बघायचं आणि त्याच कोनात एक्सपोज करायचं. मात्र तसं केलं तर सगळ्या फिल्म त्याच कोनात.

पांढऱ्या रेघेचं: दहा शर्ट शेजारी मांडा. रेघ सगळ्यांवर एकाच बाजूला असेल तर सेटिंग चुकलंय, स्क्रीन हलवा. प्रत्येकावर वेगळ्या बाजूला असेल तर कापड आकसतंय. बेसनंतर फ्लॅशखाली कॉटनमधली ओल जाते आणि शर्ट मिलिमीटरभर ओढला जातो. भाद्रपदातल्या हवेत कापडात ओल भरपूर असते. प्रत्येक शर्ट पाटावर चढवून बेसच्या आधी एकदा कोराच फ्लॅशखाली सुकवा, मग छापा. पाटावरचा गमही ताजा हवा. सहाही स्क्रीनचा ताण सारखा असावा. एक सैल असेल तर ती स्क्वीजीबरोबर ओढली जाते आणि तिचाच रंग सरकतो.

याच हवेत इमल्शनही (स्क्रीनवरचा, प्रकाशाने घट्ट होणारा लेप) नीट सुकत नाही. बोटाला कोरडं लागतं, आत ओलं असतं. एक्सपोज होऊन धुताना बारीक ठिपके निघून जातात आणि दोष फिल्मला दिला जातो. कोट केलेल्या स्क्रीन बंद खोलीत डीह्युमिडिफायर लावून किंवा ३५-४० अंशांच्या कपाटात सुकवा.

रंगाचा_घाणा यांचा प्रतिसाद

गुलाबी झाकेचं मी सांगतो. क्युरिंगच्या आधीच पांढरा गुलाबीसर होता का? तर पांढरा पातळ पडलाय, मरून खालून दिसतोय. बेसला ६५-७० शोअरची (रबराच्या कडकपणाचं माप) स्क्वीजी, दोन हात (स्क्वीजी दोनदा ओढायची), ऑफ कॉन्टॅक्ट (स्क्रीन आणि कापडातलं अंतर) २-३ मिमी, आणि दुसरा हात हलका म्हणजे शाई कापडात न दाबता वर राहते.

आधी शुभ्र होता आणि ओव्हननंतर गुलाबी झाला असेल तर ते दोन शर्ट शंभर टक्के कॉटन नाहीत. पॉलिएस्टरचा डाय तापला की वायू होऊन वरच्या शाईत चढतो. कॉटनला लावलेला रिअ‍ॅक्टिव्ह डाय असं करत नाही. आतल्या शिवणीतून चार धागे काढून जाळा. कॉटन कागदासारखं जळून मऊ राख होते. धागा वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिएस्टर मिसळलंय. असे शर्ट गठ्ठ्यातून वेगळे काढा आणि त्यांच्यासाठी लो ब्लीड पांढरा, कमी तापमानावर क्युअर होणारा घ्या. साध्या पांढऱ्याचं तापमान कमी करून वेळ मारून नेऊ नका, तीन धुण्यांत तडे जातील.

मेश_सत्त्याहत्तर यांचा प्रतिसाद

छापायचा क्रम राहिला होता. बेस, फ्लॅश, मग लाल, पिवळा, भगवा, काळा, शेवटी हायलाइट. लालाची जागा कमी म्हणून तो आधी, भगव्याची जास्त म्हणून नंतर. जास्त जागेची शाई आधी पडली की पुढच्या प्रत्येक स्क्रीनच्या खाली ती चिकटून येते. हायलाइटच्या आधी एक छोटा फ्लॅश दिलात तर पांढरा शुभ्र राहतो.

बेसचा फ्लॅश बोट लावल्यावर चिकटणार नाही इतपतच. पूर्ण शिजवलात तर वरचा भगवा त्याला धरत नाही आणि धुण्यात पापुद्रे निघतात. फ्लॅशनंतर पाट लगेच पुढच्या स्क्रीनखाली नेऊ नका. गरम बेसवर ९०टीच्या भोकातली शाई घट्ट होते आणि वीसेक शर्टांनंतर बारीक ठिपके बंद पडायला लागतात. चार पाट आहेत, चारही वापरा, म्हणजे गार व्हायला आपोआप वेळ मिळतो.